पेरणी यंत्राच्या पुस्तिकेत ३४ फोटो टाकले, फोन कमी व्हायच्या ऐवजी वाढले. काय चुकलं?

चाडंनळी, जालना

राम राम मंडळी.

मी जालन्याला एका छोट्या कारखान्यात आहे. ट्रॅक्टरला जोडायचं पाच फणांचं पेरणी यंत्र बनवतो आम्ही. माझं काम तसं स्टोअरचं. पण मी बी.ए. मराठी आहे हे मालकांना कुठून तरी कळलं आणि यंत्रासोबत द्यायची माहिती पुस्तिका माझ्या गळ्यात पडली. पहिली काढली ती ४० पानी, नुसती अक्षरंच अक्षरं. वाचली कुणी नाही. मृगाचा पाऊस पडला की माझा फोन सुरू: "साहेब, एका फणातून बी पडंना." सकाळी ६ ला पहिला, रात्री ताटावर बसलो की शेवटचा.

म्हणून यंदा मालक म्हणाले, "फोटो टाक भरपूर. लोक चित्रं बघतात." टाकले. ३४ फोटो, माझ्याच मोबाइलवर, कारखान्यातच काढलेले. त्यावर लाल बाण, हिरवे बाण, पिवळे गोल. पुस्तिका ५२ पानांची झाली आणि दिसायला थेट लग्नाचा अल्बम. मालक खूश.

फोन मात्र वाढले. आधी नुसतं "बी पडंना" म्हणायचे, आता विचारायलेत, "तुमच्या पुस्तकात सतरा नंबरच्या फोटोत डब्बा दिसायलाय, तो आमच्या मशीनला नाही. द्यायचा राहिला का?" अहो तो ग्रीसचा डबा होता, वेल्डरनं मागं ठेवलेला! चार जणांनी विचारला. एकजण तर डीलरशी भांडून आला.

दुसरं म्हणजे पान ११ वर मी लिहिलंय "आकृती ९ पहा" आणि आकृती ९ आहे पान १४ वर. तिसरं, डीलर लोक पुस्तिका संपली की झेरॉक्स मारून देतात. त्यात माझे लाल-हिरवे बाण सगळे एकाच राखाडी रंगाचे. चौथं, एकरी किती बी पडणार हे काढायचं सूत्र दिलंय, ते आजवर एकानंही वापरलेलं नाही. खरं सांगू, मलाही ते दर वेळी नव्यानं समजून घ्यावं लागतं.

पुढच्या खरिपाआधी नवीन काढायचीय. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. कोरलड्रॉ (संगणकावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) जेमतेम येतं, चित्रकला शाळेतच सुटली. फोटो सगळे काढून टाकू, की चांगले काढू, की अजून काही?

खिळेजुळणी, लातूर

छापखान्यातून बोलतो, २२ वर्षं झाली.

झेरॉक्स होणारच हे धरून चाला. रंगानं फरक दाखवूच नका. एक बाण जाड, एक तुटक रेघेचा, एकात १, एकात २. पुस्तिका पूर्ण झाली की स्वतः दुकानात जा, झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढा. त्यात जे वाचता येईल तेवढंच तुमचं.

फोटो ठेवायचेच असतील तर छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतो. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. ते आवळून पार पातळ करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दर हंगामात मी हे ५० जणांना सांगतो आणि ५१ वा फोटोच पाठवतो. रेघांचं चित्र असेल तर जेपीजी नको, कडांना धूळ बसल्यासारखी दिसते. पीएनजी द्या, नाहीतर कोरलची मूळ फाइलच द्या.

पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीत येतात. तुम्ही ४१ पानं आणली तर तीन कोरी जातील, किंवा मालकांचा फोटो मोठा करावा लागेल.

गंगाथडी

कशाला एवढा खटाटोप. व्हिडिओ बनवा, क्यूआर कोड चिकटवा, विषय संपला. आजकाल वाचतंय कोण?

चाडंनळी, जालना

गंगाथडी भाऊ, ते करून बघितलंय. आमचं यंत्र बंद पडतं ते शिवारात. तिथं रेंज एकच काडी, हाताला माती नि ग्रीस, मोबाइल ट्रॅक्टरच्या टपावर. चैन चढवताना व्हिडिओ थांबवणार कोण, मागं घेणार कोण? घरी बसून यंत्र पहिल्यांदा जोडताना व्हिडिओ चालतो, तेवढ्यापुरता ठेवतो. पेरणीच्या दिवशी नाही चालत.

टी-पट्टी, वाळूज

चाडंनळी, तुमच्या ग्रीसच्या डब्यावर हसलो, मग माझंच एक आठवलं आणि हसू थांबलं.

मी एका कारखान्यात ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. पंपाच्या पुस्तिकेसाठी चित्रं द्यायची होती. मी मशीन शॉपला द्यायचो तेच ड्रॉइंग दिलं. समोरून, वरून, बाजूनं, सगळी मापं टाकून. म्हटलं यापेक्षा अचूक काय असणार. एका गिऱ्हाइकानं पंप उताणा बसवला. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. आम्हाला ते अंगवळणी पडलेलं. त्या माणसानं खालचं चित्र म्हणजे खालची बाजू असं धरलं. त्याचं काय चुकलं? तेव्हापासून मी पुस्तिकेत तीन व्ह्यू कधी दिले नाहीत. एकच चित्र, थोडं तिरकं, माणूस उभा राहून बघतो तसं.

आता तुमचं. फोटोला नको ते गाळता येत नाही. वेल्डिंगचे डाग, मागची भिंत, डबा, वेल्डरची चप्पल, सगळं तितक्याच ठळकपणे येतं. रेघांच्या चित्रात तुम्ही ठरवता काय राहील. चित्रकला येत नाही म्हणता, ती लागतच नाही. फोटो कोरलमध्ये खाली ठेवा, वर दुसरा थर घ्या आणि फक्त लागणाऱ्या कडा गिरवा. मग खालचा फोटो पुसा. ज्या भागाबद्दल बोलताय त्याची रेघ जाड, बाकी यंत्राची बारीक. चार-पाच चित्रं झाली की हात बसतो. कोरल नसेल तर इंकस्केप फुकट आहे, त्यातही हेच होतं.

गाळायचं म्हणजे किती गाळायचं? लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ साली बदलला. तो काढणारा हॅरी बेक विजेच्या सर्किटची ड्रॉइंग करणारा माणूस होता. त्यानं खरी अंतरं, खरी वळणं सोडून दिली. सरळ आणि तिरक्या रेघा, त्यावर स्टेशनं. प्रवाशाला कुठं गाडी बदलायची एवढंच हवं असतं, वर जमिनीवर रस्ता कसा वळतो याच्याशी त्याला काय करायचंय? तुमच्या शेतकऱ्याला चैन कुठून कुठं जाते ते हवंय. वेल्ड कसा झालाय ते नकोय.

पण सगळे फोटो फेकू नका. बी सोडणारी चकती, झिजलेली आणि चांगली, शेजारी शेजारी दाखवायची असेल तर फोटोच पाहिजे, ती झीज रेघेत येत नाही. पाठीमागं पांढरं पोतं धरा, म्हणजे डबा येणार नाही.

अजून काही गोष्टी, सुचतील तशा.

डावी-उजवी. यंत्राच्या मागं उभं राहून की समोर? पहिल्याच पानावर एक चित्र टाका: ट्रॅक्टरच्या सीटवर माणूस, त्याच्या डाव्या हाताला "डावी", उजव्या हाताला "उजवी". पुढं सगळीकडं तेच धरा. निम्मे फोन इथंच कमी होतील असं माझा अंदाज सांगतो.

सुटे भाग मागवायला एक उलगडलेलं चित्र द्या. चकती, बुश, स्प्रॉकेट, पिन असे सगळे भाग ज्या ओळीनं बसतात त्याच ओळीनं अधांतरी सुटे केलेले. प्रत्येकाला आकडा, आणि त्या आकड्याचा तक्ता त्याच पानावर. आकडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरू द्या, रेघा एकमेकींना छेदू देऊ नका. चित्रावर नावं लिहिली की गिचमिड होते आणि नाव बदललं की चित्र नव्यानं करावं लागतं.

"आकृती ९ पहा" हे तर विसराच. वाक्य जिथं, चित्र तिथं. पान उलटावं लागलं की माणूस फोन लावतो, तुम्हीच बघितलंय. आणि चित्राखाली "चैनीचा ताण" एवढंच लिहून थांबू नका, काय बघायचं ते लिहा: "मधोमध अंगठ्यानं दाबा. अर्धा इंच दबली की बास."

मास्तरीण, परभणी

मी कृषी विद्यालयात शिकवते. टी-पट्टी सरांनी चित्रांचं सांगितलंय, मी तक्त्याचं आणि शब्दांचं सांगते.

सूत्र काढून टाका आणि त्याचं उत्तर द्या. तुमच्या चाकाचा व्यास ४० सेंमी धरते, तुमचा जो असेल तो घाला. म्हणजे घेर साधारण १.२६ मीटर. चाक २० वेळा फिरवलं तर २५ मीटर चाल झाली. पाच फण, दोन ओळींत ४५ सेंमी, म्हणजे रुंदी २.२५ मीटर. क्षेत्र झालं साधारण ५६.५ चौरस मीटर. एकर ४,०४७ चौरस मीटरचा. बाकीचा हिशेब तुम्ही घरी करायचा, शेतकऱ्याला एवढंच द्यायचं:

यंत्र उचलून धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, चाक २० वेळा फिरवा, पाचही पिशव्यांतलं बी एकत्र तोला.
एकरी २२ किलो हवं : ३१० ग्रॅम
एकरी २५ किलो हवं : ३५० ग्रॅम
एकरी ३० किलो हवं : ४२० ग्रॅम
कमी भरलं तर तरफ एक खाच पुढं, जास्त भरलं तर एक खाच मागं.

शेतात चाक थोडं घसरतं, त्यामुळे फरक पडतो, तेही एका ओळीत लिहा. तक्ता वाचायची आपल्या लोकांना चांगली सवय आहे. पंचांग म्हणजे तक्ताच, सातबारा म्हणजे तक्ताच. आमच्या विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीची पानं तक्त्यांवरच मळलेली असतात.

दुसरा तक्ता तक्रारीचा. आत्ता तुमची पुस्तिका भागांच्या नावानं लावलेली असणार: बियाणे पेटी, खत पेटी, वहन यंत्रणा. शेतात अडलेल्या माणसाला भाग माहीत नसतो, त्याला दिसतं ते माहीत असतं. तेच शब्द घ्या. "एकाच फणातून बी पडत नाही": नळी बघा, फणाचं तोंड मातीनं बुजलंय का बघा. "एकाही फणातून पडत नाही": चैन उतरलीय का, चाक जमिनीला टेकतंय का. हे पान शेवटच्या कव्हरच्या आत छापा, शोधावं लागत नाही.

शब्दांचं तर काय सांगू. "बीज वितरण चकती" असं लिहिलंय ना? लिहिलेलंच असणार. चकती लिहा. तुमच्या नावातच चाडं आहे, पुस्तिकेत "बियाणे ग्रहण पात्र" कशाला?

रंगाबद्दल खिळेजुळणी दादा म्हणाले ते बरोबर, पण झेरॉक्स हे एकच कारण नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो बघा. लाल, पिवळा, निळा, हिरवा, सर्वांत विषारी ते कमी विषारी. हिरवा त्रिकोण म्हणजे औषध निर्धोक, असं माझ्या वर्गातली अर्धी पोरं पहिल्या दिवशी सांगतात. विष तेही आहे, कमी आहे एवढंच. त्या त्रिकोणाबरोबर शब्दही छापलेला असतो, पण नजर रंगावरच थांबते. म्हणून तुम्ही रंग वापरलात तर शब्द त्याच्या पोटात लिहा, शेजारी नको.

आणि काहीही छापायच्या आधी, एक असा माणूस धरा ज्यानं तुमचं यंत्र हाताळलेलं नाही. पुस्तिका त्याच्या हातात द्या, यंत्र समोर ठेवा आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावा. मदत करायची नाही, "अहो ते नाही" म्हणायचं नाही. तो कुठं थबकतो ते वहीत लिहा. फार अवघड आहे, मी शिक्षिका आहे, मला विचारा.

चाडंनळी, जालना

मंडळी, दीड महिन्यानं येतोय. १२ चित्रं गिरवली. पहिल्या चित्राला तीन संध्याकाळी गेल्या, बारावं पाऊण तासात झालं. टी-पट्टी काका, हात खरंच बसतो.

मग कच्ची पुस्तिका आणि एक यंत्र घेऊन चुलत्याकडं गेलो, अंबडच्या पलीकडं. अप्पा ६५ चे, चौथी शिकलेले. तिफणीवर आयुष्य गेलं, आमचं यंत्र कधी धरलं नाही. मास्तरीण ताईंनी सांगितल्याप्रमाणे खाटेवर बसलो, तोंडाला कुलूप. मला चहा दोनदा आला, दोन्ही वेळा गार झाला.

पहिलीच अडचण अशी निघाली की मी स्वप्नातही धरली नव्हती. आमच्या फोनांचं मूळ काय, तर फण जमिनीत असताना ट्रॅक्टर मागं घेतात. माती फणाच्या तोंडात घुसते, नळी बुजते, बी पडंना. म्हणून मी त्याचं मोठं चित्र काढलं, मागं चाललेला ट्रॅक्टर, फण मातीत, आणि त्यावर ठळक फुली. अप्पांनी चित्र बघितलं, मान हलवली आणि पोराला म्हणाले, "घे मागं." मी कुलूप मोडलं. म्हटलं, अप्पा, फुली हाय की! ते म्हणाले, "हाय ना. म्हणजे हे महत्त्वाचं, खूण करून ठेवलीय." त्यांच्या वहीत जी उधारी वसूल करायची ती अशाच फुलीची!

आता दोन चित्रं शेजारी आहेत. डावीकडं फण उचललेले, खाली "असं". उजवीकडं फण मातीत, खाली "असं नाही, नळी बुजते". आणि हे पान मागं घेण्याच्या सूचनेच्या आधी आलंय. आधीच्या पुस्तिकेत मी आधी "ट्रॅक्टर मागे घ्या" आणि पुढच्या परिच्छेदात "मात्र फण उचललेले असावेत" असं लिहिलं होतं. वाचेपर्यंत माती आत.

दुसरं, चैन चढवायची चार चित्रं मी दोन-दोन अशी मांडली होती. मी आडवं वाचतो, अप्पांनी उभं वाचलं. पहिलं, तिसरं, मग दुसरं. आता प्रत्येकाच्या कोपऱ्यात मोठा आकडा आहे आणि चारही एकाखाली एक आहेत.

तिसरं मात्र जमलं. बी किती खोल पडावं, तर सोयाबीन साधारण ४ सेंमी. मी जमिनीचा छेद खऱ्या मापात काढला, पानावरच ४ सेंमी. अप्पांनी पानावर बोटं ठेवली, मग तीच बोटं मातीत खुपसली. मला कॅमेरा काढायचंही सुचलं नाही.

तक्त्यासाठी चाक २० वेळा फिरवलं, किराणा दुकानाचा काटा आणला, ३८० ग्रॅम आलं. अप्पा म्हणाले, "म्हणजे एकरी पंचवीस नि तीसच्या मधी." सूत्राला जे तीन वर्षांत जमलं नाही ते.

पानं आता २४. मधली शब्दसूची काढून टाकली, कारण अवघड शब्दच उरले नाहीत. इंजिनिअर साहेब थोडे नाराज आहेत, "वहन यंत्रणा" हा त्यांचा शब्द होता.

तक्रारीचं पान स्टिकर करून बियाणे पेटीच्या झाकणाला आतून लावायचा विचार आहे. खत पेटीला नको, खत लोखंड खातं, तिथं कागद काय टिकणार.

खिळेजुळणी, लातूर

स्टिकर व्हिनाइलचा घ्या, वरून लॅमिनेशन. पेटीच्या पत्र्यावरचं तेल पुसल्याशिवाय लावू नका, आठ दिवसांत गळून पडेल.

तुमच्या ४ सेंमीच्या चित्रात एक घोळ आहे. पीडीएफ छापताना कुणी "पानात बसवा" निवडलं की ते ३.८ होतं. झेरॉक्सवाला लहान करून एका कागदावर दोन पानं मारतो, तिथं तर २.८ च्या आसपास. शेतकरी बोटं ठेवणार आणि बी वरच पडणार.

चाडंनळी, जालना

अरे देवा. बरं झालं बोललात. मग चित्रातच दोन बोटं काढतो, मातीत आडवी धरलेली, आणि खाली लिहितो "दोन-अडीच बोटं". चित्र लहान झालं तरी बोटं बोटंच राहतील.

मास्तरीण, परभणी

उत्तम. कुणाची बोटं काढताय तेवढं बघा. माझी अडीच आणि तुमच्या अप्पांची अडीच यात बराच फरक असेल.

चाडंनळी, जालना

अप्पांचीच काढतो ताई, पेरणार तेच आहेत. खाली सेंमीही लिहून ठेवतो तुमच्यासाठी.

शनिवारी फाइल लातूरला पाठवतो. डॉक्युमेंट म्हणून, दादा. मालकांचा फोटो पहिल्या पानावर राहणारच, तो रंगीत, ३०० डीपीआय, मागं ग्रीसचा डबा नसलेला.